लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

बुधवार

स्टिकर मी बदलले. एकदाचं लिहून टाकतो. मीच बदलले, दुसरं कुणी नाही, आणि नुसती गंमत म्हणून बदलले.

आता नीट सांगतो. दुकान ताईचं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. कॉम्प्युटर दुरुस्त करते. परीक्षेत माझी दुसऱ्यांदा दांडी उडाली तेव्हा आईनं मला हिच्या गळ्यात बांधलं. "हा घरात राहिला तर घराला चाकं लावील. तुझ्याकडे ने," म्हणाली. ताईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "दुकानात एक जरी खोडी केलीस तर दुपारच्या गाडीनं परत."

दुकानातला तिसरा माणूस म्हणजे मास्तर. ताई ज्या क्लासात शिकली तिथले हे. क्लास बंद पडला तसं ताईनं त्यांना इकडे आणलं. ती मालकीण, ते नोकर, पण त्यांच्यासमोर ती अजून खुर्चीत मागे रेलून बसत नाही.

मास्तर हसत नाहीत. मी आलो त्या दिवसापासून विडाच उचललाय की या माणसाला हसवीन, नाहीतर चिडवीन तरी. त्यांचा चष्मा प्रिंटरच्या कागदाच्या ट्रेमध्ये ठेवून झाला. माउस डावखुऱ्यांचा करून झाला. टेबलाच्या डाव्या कप्प्यातलं सामान उजव्यात आणि उजव्यातलं डाव्यात करून झालं. दुसरा कुणी असता तर कान तरी पिळला असता. हे नुसते थांबतात, वस्तूकडे बघत राहतात आणि कपाळ चोळतात. एकदा विचारलं त्यांनी, "चष्मा तू हलवलास का रे?" मी सरळ चेहऱ्यानं म्हणालो, "नाही बुवा." कबूल केलं तर खोडीत मजा काय? असल्या माणसाची चेष्टा करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तर आज बूटवाल्यांचा कॉम्प्युटर होता टेबलावर. बूटवाले म्हणजे ज्यांचे पाय चारचौघांसारखे नाहीत त्यांचे बूट करणारे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटंच नाहीत. त्यांच्याकडे एक काचेचं यंत्र आहे. त्यावर उभं राहिलं की पाय जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उतरतो. ते यंत्र करणारी कंपनी बुडाली आणि त्याच्या प्रोग्रामची सीडी कधीच हरवली. त्यामुळे नवीन सिस्टीम टाकून भागणार नव्हतं. ड्राइव्ह म्हणजे हार्ड डिस्क, ती तर अडखळायला लागलेली. मग जुनी सिस्टीम आहे तशी, सगळ्या बिऱ्हाडासकट उचलून नव्या ड्राइव्हवर न्यायची.

त्यासाठी आमच्याकडे एक डबा आहे. वर दोन खाचा, म्हणून आम्ही त्याला टोस्टर म्हणतो. डाव्या खाचेत भरलेली ड्राइव्ह, उजव्यात कोरी. बटण दाबलं की डावीकडचं सगळं उजवीकडे. पुढे चार दिवे आहेत, काम होईल तसे एकेक लागतात. टोस्टरला डोळे नसतात. उलट्या घातल्या तर तो भरलेली पुसून कोरी करून देतो, तितक्याच आनंदानं.

म्हणून मास्तरांचा नियम. मशीनमधून ड्राइव्ह काढली की तिथल्या तिथे स्टिकर लावायचा. ग्राहकाच्या ड्राइव्हला लाल, कोऱ्याला हिरवा. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. एकदा लावला की परत बघायचं नाही. "चिकटवताना नीट बघायचं, मग स्टिकरवर विश्वास ठेवायचा," मला शिकवताना ते म्हणाले होते. "दर वेळी शंका घेत बसलं तर माणूस वेडा होईल."

दोन्ही ड्राइव्ह एकाच कंपनीच्या, काळ्या, जुळ्या बहिणींसारख्या. मास्तर हात धुवायला गेले तेवढ्यात मी स्टिकरांची अदलाबदल केली. बेत असा होता की ते बटणावर बोट ठेवतील आणि मी ओरडीन, "मास्तर, लाल हिरवी झाली!" मग त्यांचं तोंड बघायचं. बस, एवढंच.

तेवढ्यात ताईची हाक आली. "तो प्रिंटर दातांच्या डॉक्टरांकडे पोचव. आत्ता. पळ." म्हटलं, समोरच तर आहे, हा गेलो आणि हा आलो. पण तिथल्या बाईंनी मला प्रिंटर जोडायला लावला, मग कागद अडकला, मग तो काढायला लावला. आणि मी विसरलो. खोटं कशाला लिहू? साफ विसरलो.

परत आलो तर टोस्टरचा पहिला दिवा लागलेला आणि दुसरा लुकलुकतोय. मास्तर बाजूला बसून एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होते.

तोंड उघडावं तर दुपारची गाडी. गप्प बसावं तर सगळे पाय जातायत. मी मागच्या बोळात गेलो आणि मेन स्विच खाली पाडला.

अंधार. ताई ओरडली, मास्तर टॉर्च घेऊन बोर्डाकडे गेले. मी झटक्यात दोन्ही ड्राइव्ह काढल्या, स्टिकर ज्याचे त्याला लावले आणि लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे घालून ठेवल्या. वीज आली. मास्तरांनी टोस्टरकडे बघितलं, "लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे," असं पुटपुटले आणि परत बटण दाबलं.

सुरुवातीचा भाग पुसला गेला असणार. पण त्यात काय असेलच असं कुठे आहे? असो. झाकली मूठ.

गुरुवार

सुरुवातीच्या भागातच सिस्टीम असते. हे मला माहीत नव्हतं. आता आहे.

मास्तरांनी नवी ड्राइव्ह बूटवाल्यांच्या कॉम्प्युटरला लावली. काळा पडदा, त्यावर एक ओळ, सिस्टीम सापडत नाही. जुनी लावली, तरी तेच. मग ती आमच्या मशीनला जोडून आत डोकावले आणि पानामागून पान खाली सरकवत गेले.

"शून्यं आहेत," शेवटी म्हणाले. "सुरुवातीला सगळी शून्यं. उलटी नक्कल झालीय, कोरीवरून भरलेलीवर."

"स्टिकर चुकले का?" ताईनं विचारलं.

"नाही. आत्ता नंबर ताडून बघितले. लाल आहे ती त्यांचीच."

"मग?"

"मग मी लाल उजवीकडे घातली असणार."

"असणार म्हणजे? आठवत नाही तुम्हाला?"

"आठवतंय ना." मास्तर हाताच्या पंजाकडे बघत होते. "डावीकडे घातलेली आठवतेय. डोळ्यांसमोर दिसतेय मला. पण नव्हती."

ताई म्हणाली, "नशीब, मध्येच वीज गेली. नाहीतर काहीच उरलं नसतं. शेजारच्या शिंप्याकडे मात्र गेली नव्हती म्हणे." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली सांडलेले स्क्रू गोळा करण्यात अगदी गढून गेलो.

दुपारी बूटवाले आले. दाराएवढा माणूस, बोटांना वाळलेला गोंद. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. पूर्ण माझी."

बूटवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्या लोकांना पायावर उभं करून झाल्यावर आता माझेच पाय गेले म्हणा की!" आणि स्वतःच हसले, पण ते हसणं काही पोचलं नाही. "लहान मुलं आहेत हो त्यात. पाय वाढतो तसा वाकतोही. मागचा पाय समोर नसेल तर पुढचा बूट कशाच्या आधारानं करू?"

मास्तरांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं यांचं वरमलेलं तोंड बघायला मजा येईल. नाही आली.

शनिवार

पाय सापडले! पुसले न गेलेल्या भागातून मास्तरांनी ते एकेक करून वर काढले. पण नावं गेली. आता नुसते आकडे. पडद्यावर पायच पाय, आणि कुणाचा कुठला ते देवाला ठाऊक. शिवाय बूटवाल्यांच्या यंत्राचा प्रोग्राम गेला तो गेलाच. जुने पाय बघता येतात, पण नवा पाय घेता येत नाही, असं काहीतरी.

मास्तर विचित्र वागायला लागलेत. दुकान बंद करताना कुलूप ओढून बघितलं, चार पावलं गेले, परत येऊन ओढलं, मग मला म्हणाले, "तू ओढ." दुपारी विचारलं, "मी चहा घेतला का रे?"

"मास्तर, कप तुमच्या हातात आहे."

मी हसलो. माझा मीच.

सोमवार

आज मी माळ्यावर केबल शोधत होतो. खाली ताई आणि मास्तर. मी वर आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि एकदा ऐकायला लागल्यावर खोकावं तरी कसं?

मास्तर म्हणाले, "आठवडा संपला की मी थांबतो. आता दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावणं बरं नाही."

"एका चुकीसाठी? मास्तर, अहो, माझ्या हातून काय काय झालंय ते तुम्हीच निस्तरलंत ना?"

"एक नाही गं. बरेच दिवस बघतोय. माझा चष्मा प्रिंटरमध्ये सापडला. प्रिंटरमध्ये! शहाणा माणूस ठेवेल का? कप्प्यात हात घालतो तर डावीकडचं उजवीकडे गेलेलं. रोजचा माउस, पण बोटं चुकतात. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या. शेवटी मला 'तुम्ही कोण' विचारायचे, अगदी नम्रपणे. शनिवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

चष्मा मी. कप्पे मी. माउस मी.

ताई म्हणाली, "ते सगळं आमच्या कार्ट्याचं काम असेल. त्याला दुसरा धंदा काय?"

"पोरावर ढकलू नकोस. मी विचारलं होतं त्याला. नाही म्हणाला."

नाही म्हणाला, एवढंच. आणि मास्तरांनी ते खरं धरलं. आयुष्यात आजवर माझं बोलणं इतक्या सहज कुणी खरं धरलं नव्हतं, आणि जिथे धरलं तिथेच नेमका...

संध्याकाळी ताईनं मला बोळात गाठलं. "स्टिकरांना हात लावला होतास?"

"नाही."

"मेन स्विचला?"

"मी कशाला लावू?"

"लावला असशील तर आत्ता सांग. मी गाडीत बसवणार नाही, काही नाही. पण आत्ता सांग."

"नाही म्हटलं ना!"

का म्हणालो नाही? तिनं दार उघडून धरलं होतं. मी जाऊन भिंतीवर आपटलो.

मंगळवार

सांगायचं ठरवून गेलो. मास्तर टेबलाच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. डावा, उजवा. आत काय आहे ते. स्वतःच्या कप्प्यांवर.

"काय रे?" म्हणाले.

"काही नाही. स्टुलाचा पाय हलतोय म्हणून सांगायला आलो."

स्टुलाचा पाय हलत नव्हता. मग उगाच खोटं नको म्हणून मागे नेऊन एक खिळा ढिला केला. मी असाच आहे.

गुरुवार

ताईनं मला बूटवाल्यांकडे पाठवलं. मास्तरांनी वर काढलेले पाय एका लॅपटॉपमध्ये घेऊन. त्यांच्या भिंतीवर फळ्याच फळ्या आणि त्यांवर प्लास्टरचे पाय. प्रत्येक ग्राहकाचा एकेक जोड, टाचेखाली नाव. पडद्यावरचा पाय फिरवून बघायचा, प्लास्टरचा जोड शोधायचा आणि नाव लिहायचं. म्हणजे पायांचं बारसंच.

"हा?" मी विचारायचो.

"हा टपालवाला. नाही, थांब, ह्याचा अंगठा बघ. हा त्याचा मेहुणा. त्या दोघांचं पटत नाही, पण पाय बघ कसे सख्खे."

माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "तुझे बरे आहेत की सरळ. मग चालतोस असा तिरका का?"

पायांबद्दल बोलले की डोक्याबद्दल, काय माहीत. मी पुढचा पाय पडद्यावर घेतला.

दुपारी ते दोन चामडी चिकटवत होते. वर दाबायला काळं, चपटं, जड असं काहीतरी ठेवलं. मी बघितलं आणि उडालोच.

"हे काय आहे?"

"हे? वजन. बरं पडतं, सपाट आहे."

"काका, ही हार्ड डिस्क आहे!"

"असेल. मागे तुझ्या ताईनंच काढून दिली होती, नवी बसवली तेव्हा. टाकवेना."

तिच्यावर गोंदाचे थर. पण तिच्या पोटात त्यांच्या यंत्राचा प्रोग्राम असणार, जुन्या सिस्टीमसकट! नवे पाय आम्ही वर काढलेलेच आहेत. ही सिस्टीम नव्या ड्राइव्हवर गेली की सगळं जमतंय. मी ती अंगातल्या शर्टात गुंडाळून तान्ह्या बाळासारखी आणली. रस्ताभर बनियनवर. लोक बघत होते, बघू देत.

ताईनं जोडून बघितली. घरघरली, कुरकुरली, पण उठली. ताईनं कधी नव्हे ती माझ्या पाठीवर थाप मारली.

मास्तर लांबूनच बघत होते. "छान झालं," म्हणाले. "जाताना मनाला रुखरुख राहू नये, असं वाटत होतं." जाताना म्हणजे दुकान सोडून जाताना. परवा.

शुक्रवार

ताई सामान आणायला गेली होती. जाताना म्हणाली, "मास्तर, ही एक नक्कल तुम्हीच करा. तुमच्याच हातची होऊ दे."

जुनी हार्ड डिस्क विटेएवढी, चामड्याचा वास मारणारी. नवी ड्राइव्ह पत्त्यांच्या जोडाएवढी. या वेळी जुळ्या बहिणी नव्हत्या, म्हैस आणि मांजर होत्या. मास्तरांनी लाल लावला, हिरवा लावला. नंबर वाचले. परत वाचले. डावीकडे घातली, उजवीकडे घातली. काढल्या. पुन्हा घातल्या. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"इकडे ये रे. डावीकडे कोणती आहे?"

"जुनी."

"रंग?"

"लाल."

"नक्की ना?"

"मास्तर, आंधळ्यालाही कळेल."

"हो ना. आंधळ्याला कळेल." त्यांनी बोट मागे घेतलं. "मला दिसतेय लालच. पण त्या दिवशीही दिसत होती. दिसतं ते असतंच असं आता मला म्हणता येत नाही. तू दाब."

ते उठले आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या खुर्चीत! ताईलाही तिथे कधी बसलेलं बघितलं नाही मी. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"मास्तर, त्या दिवशी स्टिकर मी बदलले होते. तुम्ही हात धुवायला गेला होतात. नंतर मेन स्विच पाडून परत जागच्या जागी लावले. तुम्ही लाल डावीकडेच घातली होती. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

ते भिंतीला टेकले. "परत सांग."

परत सांगितलं.

"चष्मा?"

"मी."

"प्रिंटरमध्ये?"

"मीच."

"कप्पे?"

"मी."

"माउस?"

"तोही मी. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण करावी लागते, की..."

"माहीत आहे मला काय करावं लागतं!" मास्तर ओरडले. पहिल्यांदा. आणि मग हसायला लागले. इतके दिवस ज्यासाठी जिवाचं रान केलं ते हसणं तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसं निघालं, घशातून, नाकातून, डोळ्यांतून. मग त्यांनी मला एक अशी ठेवून दिली की कानात घंटा वाजली, आणि त्याच हातानं माझं डोकं छातीशी ओढलं. शर्टाला सोल्डरिंगचा वास येत होता.

"गाढवा," म्हणाले. "अरे गाढवा, मी मुलीला फोन करून सांगितलं होतं की बाप आता तुला विसरणार."



त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. आणि मग, जसं काही सहज, विचारलं, "आणि सायकल?"

"कुठली सायकल?"

"माझी. मागच्या महिन्यात. मी औषधांच्या दुकानासमोर लावली होती. आणि सापडली बागेच्या फाटकाशी. किती हिंडलो मी! चोरी झाली म्हणून चौकीवर जाणार होतो."

ते माझ्याकडे बघत होते. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांकडे बघतात तसे मास्तर माझ्याकडे.

मी त्या सायकलला कधी बोटही लावलेलं नाही. तिला कुलूप कसलं आहे ते मला माहीत नाही.

"तीसुद्धा मीच," मी म्हणालो.

"कुलपाचा आकडा कसा कळला तुला?"

"तुम्ही फिरवत होतात तेव्हा मागून बघितला."

"हरामखोरा!" म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. इतक्या आनंदानं मला शिवी कुणी दिली नव्हती.

मग जरा थांबून म्हणाले, "आणि परवा घरी..."

त्यांचं घर मी बघितलेलं नाही. कुठल्या गल्लीत आहे तेही ठाऊक नाही, आणि हे त्यांना माहीत आहे. तरी "मीच" हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"काही नाही," म्हणाले. "ऊठ. मी दाबतो."

आणि दाबलं. पहिला दिवा लागला, मग दुसरा. आम्ही दोघं टोस्टरसमोर बसून राहिलो. चौथा लागला तशी त्यांनी ड्राइव्ह बूटवाल्यांच्या मशीनला लावली. सिस्टीम उठली. यंत्राचा प्रोग्राम उघडला. त्यात बारसं झालेले पाय भरले. बूटवाले काचेचं यंत्र उचलून घेऊनच आले, त्यावर स्वतःच उभे राहिले, जोड्यासकट, आणि पडद्यावर जोडा उमटला तेव्हा "हा कुणाचा बुवा एवढा घाणेरडा पाय?" म्हणून दुकान डोक्यावर घेतलं.

ताई आली तेव्हा मास्तरांनीच तिला सगळं सांगितलं, हसत हसत. मी गाडीची वेळ मनात आठवत उभा. ताईनं मला नुसतं विचारलं, "सगळं सांगितलंस?"

"सगळं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मास्तरांकडे. गाडीचं नाव काढलं नाही. आजपासून मोरी आणि संडास मी धुवायचा आणि वर्षभर स्टिकरांना हात लावायचा नाही, एवढ्यावर सुटका झाली.

मास्तर राहतायत. कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी काढून टाकल्या. आणि माझ्यासमोर डॉक्टरांना फोन केला. "उद्याची माझी वेळ दुसऱ्या कुणाला द्या. मला गरज नाही आता."

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाहीये. सायकल मी हलवली नाही. मग कुणी हलवली? मी खूप डोकं चालवलं. दुसऱ्या कुणाच्या खोडीत ती बसत नाही. कुणीच हलवली नसणार. सायकल जिथे लावली होती तिथेच होती.

मग मी आज केलं ते बरं केलं की वाईट? खरं सांगून त्यांना उठवलं आणि त्याच दमात एक खोटं सांगून परत कुठे बसवलं, मलाच कळत नाही. ताईला विचारावं तर ती सरळ डॉक्टरांकडे नेईल, आणि मास्तरांचं तोंड परत तसं होईल. न विचारावं तर... मी उद्यापासून त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत जाणार आहे. कारण सांगीन काहीतरी, कारणांना तोटा नाही माझ्याकडे. काय होतंय ते बघीन. मग कदाचित सांगीन. नक्की सांगीन. पण अजून नाही.

तेव्हा तुम्ही जे कोणी हे वाचताय, हात जोडतो, पाया पडतो. स्टिकरांचं सांगा, चष्म्याचं सांगा, खुशाल दवंडी पिटा. सायकलचं तेवढं कुणाला बोलू नका. ताईला नको, बूटवाल्यांना नको, मास्तरांना तर मेलात तरी नको. आज घरी जाताना ते शीळ घालत होते हो.